गिटारसाठी नवे इफेक्ट पेडल घेताना

इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा ॲम्प घरात येऊन सहा महिने-वर्ष झाले, की बहुतेक वादकांना पहिले इफेक्ट पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जोडायची, आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी, घ्यावेसे वाटू लागते, आणि बहुधा एखादा व्हिडिओ त्याला निमित्त ठरतो. व्हिडिओत ऐकू येणारा आवाज मात्र केवळ त्या पेडलचा नसतो. वादकाचा हात, व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) महागडा ॲम्प, त्याच्यासमोर लावलेला माइक आणि ध्वनिमुद्रणानंतर केलेली सफाई या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. तेच पेडल कोथरूडमधल्या दोन खोल्यांच्या घरात १० वॉटच्या ॲम्पला जोडले, तर निराशा पदरी पडण्याचा संभव बराच असतो. म्हणून खरेदीचा विचार पेडल्सच्या यादीपासून सुरू न करता, आपल्याजवळ असलेली गिटार, आपला ॲम्प, वाजवण्याची जागा आणि तिथली वीज यांपासून सुरू करावा.

नेमके काय हवे आहे

सर्वप्रथम आपल्या आवाजात काय उणे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘आवाज भारी येत नाही’ एवढ्यावर दुकानदारालाही काही सुचवता येत नाही. सोलो वाजवताना गिटार बाकीच्या वाद्यांखाली दबते, स्वच्छ आवाजातले कॉर्ड कोरडे वाटतात, हळू वाजवलेले स्वर ऐकूच येत नाहीत आणि जोरात वाजवलेले अंगावर येतात, अशा नेमक्या तक्रारींना मात्र नेमकी उत्तरे असतात: अनुक्रमे बूस्ट (आवाज वाढवणारे) किंवा ओव्हरड्राइव्ह (आवाजाला फाटलेपणा देणारे), डिले (पडसाद देणारे) किंवा रिव्हर्ब (सभागृहासारखी घुमक देणारे), आणि कंप्रेसर (हळू आणि मोठे स्वर एका पातळीवर आणणारे). काही तक्रारींना पेडल लागतच नाही. गंजलेल्या तारा, पिकअपपासून (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकीय पट्टीपासून) फार दूर किंवा फार जवळ बसलेल्या तारा, ॲम्पवर शून्याकडे ढकललेला मिडलचा (मधल्या कंप्रतांचा) नॉब, ही मंद आवाजाची अगदी नेहमीची कारणे आहेत. तारांचा नवा संच घालून आणि ॲम्पचे तिन्ही टोन नॉब मध्यावर ठेवून एक आठवडा वाजवावे आणि मगच बाजारात जावे.

ॲम्पमध्ये आधीच काय आहे, तेही पाहावे. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच ॲम्पमध्ये, उदाहरणार्थ २०१६ साली आलेल्या बॉस कटाना मालिकेत, डिस्टॉर्शनपासून रिव्हर्बपर्यंतचे इफेक्ट अंगभूतच असतात. ज्याच्याकडे असा ॲम्प आहे त्याने कोरसचे (अनेक गिटारी एकत्र वाजल्याचा भास देणारे) वेगळे पेडल घेण्याआधी ॲम्पचे माहितीपत्रक वाचावे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन यांच्यात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. दोन्हींत सिग्नल वाढवून त्याचे शेंडे डायोडच्या साह्याने छाटले जातात. फरक छाटण्याच्या पद्धतीत आहे. आयबानेझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमरमध्ये हे डायोड ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅक मार्गात बसवलेले असतात, त्यामुळे छाटणी हळुवार होते आणि मूळ सिग्नलही सोबत पुढे जात राहतो. शिवाय हे सर्किट खर्ज कमी करते आणि मधल्या कंप्रता उचलून धरते. आधीच फुटण्याच्या बेतात असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पला पुढून जोर देण्यासाठी ते उत्तम आहे, कारण खर्ज ॲम्पकडे असतो आणि उरलेले खरखरीत वजनही ॲम्पच देतो. बॉसच्या १९७८ सालच्या नारिंगी डीएस-१ मध्ये मात्र डायोड सिग्नलचे शेंडे थेट ग्राउंडकडे वळवून कापतात, त्यामुळे छाटणी करकरीत होते आणि पेडल स्वतःच पुरेसा फाटलेला आवाज तयार करते. आपल्याकडे सरावासाठी वापरले जाणारे बहुतेक छोटे ॲम्प ट्रान्झिस्टरचे असतात आणि त्यांचा स्वच्छ चॅनल ढकलला तरी गोड फाटत नाही. अशा ॲम्पपुढे ट्यूब स्क्रीमर पातळ आणि नाकात बोलल्यासारखा वाटला, तर दोष पेडलचा नाही. त्याला ज्या जोडीदाराची अपेक्षा आहे तो तिथे नाही, इतकेच. माझे मत विचाराल, तर ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवाल्याने आधी डिस्टॉर्शनच्या कुळातील पेडल्स ऐकावीत आणि ओव्हरड्राइव्हकडे नंतर वळावे.

फझ, म्हणजे आवाज पार खडबडीत फाडणारे पेडल, हा या कुळातला सर्वांत जुना आणि सर्वांत हट्टी प्रकार. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालणारा फझ तापमानाप्रमाणे वागणे बदलतो. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी तो एकसारखा वाजेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पहिलेच पेडल म्हणून तो घेऊ नये.

पहिलेच पेडल म्हणून काय घ्यावे, या प्रश्नाचे माझे उत्तर अनेकांना रुक्ष वाटते: पायाने चालणारा ट्यूनर. त्याने आवाज बदलत नाही, मित्रांवर छाप पडत नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांना न ऐकवता तारा जुळवता येतात आणि गिटार बदलताना ॲम्पचा आवाज एका पायाने बंद करता येतो. मंचावर वाजवणाऱ्याला या दोन गोष्टी कोणत्याही डिलेपेक्षा अधिक वेळा लागतात. केवळ घरी वाजवणाऱ्याला तो लागत नाही. हेडस्टॉकला (गिटारच्या खुंट्या असलेल्या टोकाला) चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर त्याला पुरतो.

पिकअप बसवलेली अकूस्टिक गिटार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी डिस्टॉर्शनच्या वाटेला न गेलेले बरे, कारण गिटारची पोकळ पेटी लगेच शीळ घालू लागते. त्यांना रिव्हर्ब, थोडा कोरस किंवा अकूस्टिकसाठीच बनवलेला प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवून टोन जुळवणारे यंत्र) अधिक उपयोगी पडतो. आणि फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वाजवणाऱ्यांना, जिथे सामान मांडायला आणि उचलायला मोजकाच वेळ मिळतो, एकेक पेडल जमवण्यापेक्षा झूम जी१ फोर किंवा बॉस जीटी-१ यांसारखे मल्टी-इफेक्ट (एकाच यंत्रात अनेक इफेक्ट असलेले) सोयीचे ठरते. ही दोन्ही यंत्रे चार पेन्सिल सेलवरही चालतात, ही बाब विंगेत मोकळा सॉकेट शोधत फिरताना कळते.

दुकानात ऐकताना

पुण्यात लष्कर भागात आणि पेठांमध्ये वाद्यांची दुकाने आहेत. मात्र हवे ते मॉडेल ऐकण्यासाठी उघडून ठेवलेले असेलच असे नाही, म्हणून जाण्यापूर्वी दूरध्वनी करून तशी विचारणा करावी. सोबत स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. दुकानातल्या गिटारवर हंबकर पिकअप (तारेची दोन वेटोळी असलेले) असेल आणि आपल्या गिटारवर सिंगल कॉइल (एकच वेटोळे असलेले) असेल, तर त्याच पेडलचा आवाज घरी वेगळाच येतो. ॲम्पही शक्यतो आपल्यासारखाच मागावा. विक्रेता आपण होऊन दुकानातला सर्वांत चांगला ॲम्प जोडून देतो आणि त्यात त्याचा वाईट हेतू असतो असेही नाही, पण तो ॲम्प आपण घरी नेणार नसतो.

पेडलचे सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करावी. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि फसगत नेमकी तिथेच होते: पेडल चालू असताना आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी होईल असा लेव्हलचा नॉब जुळवून घ्यावा. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, त्यामुळे लेव्हल थोडी जरी वर असली तरी कोणतेही पेडल ‘आवाज सुधारणारे’ भासते. पातळी जुळवल्यावरही फरक आवडला, तर तो खरा फरक समजावा.

मग आपल्याला येणारे, नेहमीचे काहीतरी वाजवावे. दुकानातल्या इतरांना दाखवण्यासाठी वाजवू नये. एकदा अगदी हळू वाजवून पाहावे. गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला असता ओव्हरड्राइव्हचा आवाज स्वच्छ होतो का, की नुसता मिणमिणतो, हे पाहावे. चांगल्या आणि सुमार सर्किटमधला फरक इथे चटकन उमगतो. तारांवर हात ठेवून, काहीही न वाजवता, पेडलची सूसू ऐकावी. प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा आणि मध्ये खरखर होते का, ते पाहावे. पायाचा स्विच आठ-दहा वेळा दाबावा. एखाद्या वेळी तो लागला नाही, तर दुसरा नग मागावा. जॅकमध्ये केबल घालून हलकेच हलवली असता आवाज तुटता कामा नये.

‘ट्रू बायपास’ हे शब्द खोक्यावर ठळकपणे छापलेले असतात आणि त्यांचा बडेजाव जरा जास्तच केला जातो. पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता आरपार जातो, इतकाच त्याचा अर्थ. गिटारच्या साध्या चुंबकीय पिकअपचा सिग्नल अशक्त असतो आणि लांब केबलमधल्या धारितेमुळे त्याचे वरचे टोक, म्हणजे चमक, गळत जाते. सगळीच पेडल्स ट्रू बायपास असतील आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटरच्या केबल असतील, तर हा तोटा स्पष्ट ऐकू येतो. अशा वेळी रांगेत कुठेतरी बफर (सिग्नलला बळ देणारे छोटे सर्किट) असलेले एक पेडल हितावहच ठरते, आणि बॉसच्या बहुतेक छोट्या पेडल्समध्ये तो असतो.

जॉयो आणि मूअर यांसारख्या शेनझेनच्या कंपन्यांची स्वस्त पेडल्स ऐकण्याआधीच नाकारू नयेत. जुन्या सर्किटांच्या या आवृत्त्या आवाजात बहुधा ठाकठीक असतात. बचत केलेली असते ती स्विच, जॅक आणि नॉब यांच्या टिकाऊपणात. त्यामुळे घरी हाताने चालू-बंद करायच्या पेडलला ती चालतात, तर रोज बुटाखाली येणाऱ्या पेडलवर मात्र थोडा अधिक खर्च करावा.

पैसे देण्यापूर्वी खोक्यावरची चिठ्ठी वाचावी. परदेशी बनावटीच्या बंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणे २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. अशी चिठ्ठी नसलेले पेडल स्वस्त मिळत असेल, तर ते अधिकृत वाटेने आलेले नसण्याचा संभव आहे, आणि मग हमीचा दावा कोणाकडे करायचा हा प्रश्न उरतो. पक्के बिल घ्यावे आणि खोके जपून ठेवावे. पुढे विकताना दोन्हींची किंमत येते.

वापरलेले पेडल घेण्यातही गैर काही नाही. धातूच्या पेटीतली साधी ॲनालॉग पेडल्स दशकानुदशके टिकतात, आणि शिक्षण संपवून शहर सोडणारे विद्यार्थी आपले सामान काढतच असतात. व्यवहार एखाद्या जॅम रूममध्ये (बँडच्या सरावाच्या भाड्याच्या खोलीत) ठरवावा, म्हणजे तिथल्या ॲम्पवर पेडल वाजवून पाहता येते. मागचे झाकण उघडून बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर साचला आहे का आणि स्क्रूंचे खाचे झिजलेले आहेत का, हे पाहावे. झिजलेले असतील तर आत कोणीतरी वारंवार हात घातलेला आहे.

विजेची बाजू

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचावा, कारण पेडल जळण्याचे सर्वांत सामान्य कारण चुकीचा ॲडॉप्टर हेच आहे.

बहुसंख्य पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतात आणि त्यांच्या गोल पिनेचे आतले टोक ऋण असते. घरात पडून असलेल्या राउटरच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॉप्टरची पिन त्याच मापाची असू शकते, ती पेडलमध्ये सहज बसतेही. पण त्या ॲडॉप्टरचे आतले टोक बहुधा धन असते आणि व्होल्टेज अनेकदा १२ असते. पिन बसली म्हणजे ॲडॉप्टर चालतो, असे मुळीच नाही. ॲडॉप्टरवर आणि पेडलवर छापलेली, मध्ये ठिपका आणि भोवती अर्धवर्तुळ असलेली छोटी आकृती ताडून पाहावी, व्होल्टेजचा आकडा जुळवावा आणि मगच जोडणी करावी. करंटचा नियम याहून वेगळा आहे: पेडल आपल्याला लागेल तेवढाच करंट घेते, त्यामुळे १०० मिलिॲम्पिअर लागणाऱ्या पेडलला ५०० मिलिॲम्पिअरचा ॲडॉप्टर खुशाल लावावा, उलटे करू नये. साधा ओव्हरड्राइव्ह दहा-वीस मिलिॲम्पिअरवर भागवतो, तर काही डिजिटल पेडल्सना ३०० पर्यंत लागतात. आकडा प्रत्येक पेडलच्या माहितीपत्रकात असतो.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने पेडल आणून देणे हा पुण्यात रूढ मार्ग आहे. पेडल कोणत्याही देशातले असले तरी फरक पडत नाही, कारण ते डीसीवर चालते. सोबत आलेला ॲडॉप्टर मात्र फक्त १२० व्होल्टचा असू शकतो, आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावल्यास जळतो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसेल, तर तो बाजूला ठेवावा आणि ॲडॉप्टर इथेच विकत घ्यावा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने आहेत. तिथे जाताना पेडल सोबत न्यावे आणि दुकानदाराकडून मल्टिमीटरवर व्होल्टेज आणि ध्रुव तपासून घ्यावेत.

दोन-तीन ॲनालॉग पेडल्स एकाच ॲडॉप्टरवर साखळी केबलने चालवता येतात. त्यात डिजिटल डिले आला आणि पुढे भरपूर गेनचे (सिग्नल खूप वाढवणारे) डिस्टॉर्शन असले, की बारीक शिटी किंवा किरकिर ऐकू येऊ लागते. तेव्हा प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असलेला पॉवर सप्लाय घ्यावा लागतो. त्याची किंमत एखाद्या पेडलएवढी होऊ शकते, म्हणून ती सुरुवातीपासूनच हिशेबात धरावी. धन ग्राउंडचे (ज्यात विजेचे धन टोक ग्राउंडला जोडलेले असते असे) जुन्या धर्तीचे फझ तर अशा साखळीत जोडूच नये.

बॅटरीबाबत एकच लक्षात ठेवावे: पेडलच्या इनपुट जॅकमध्ये केबल असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, मग दिवा लागलेला असो वा नसो. सराव संपल्यावर केबल काढावी.

आता अर्थिंग. जुन्या वाड्यांमध्ये आणि काही जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तीन छिद्रे असली, तरी तिसऱ्या छिद्रामागे तार असेलच असे नाही. अशा ठिकाणी ॲम्प गुणगुणतो, आणि तारांना हात लावला की गुणगुण कमी-जास्त होते. हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वाजवणे तत्काळ थांबवावे आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. गाताना ओठ माइकला आणि हात तारांना लागलेले असताना हाच दोष जिवावर बेतू शकतो. गुणगुण घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. गणेशोत्सवाच्या मांडवात तात्पुरत्या जोडणीवर वाजवायचे असेल, तेव्हा ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला अर्थिंगबद्दल आधीच विचारावे.

अर्थिंग ठीक असूनही गुणगुण येत असेल, तर पंख्याचा रेग्युलेटर, डिमर आणि ट्यूबलाइटचा चोक एकेक करून बंद करून पाहावेत. सिंगल कॉइल पिकअप हा उपद्रव हवेतूनच पकडते आणि डिस्टॉर्शन तो वाढवून ऐकवते. गिटार घेऊन खोलीत थोडे वळले आणि आवाज बदलला, तर पेडल परत करायला जाण्याचे कारण नाही.

रांगेत कुठे जोडावे

रूढ क्रम असा आहे: गिटारनंतर ट्यूनर, मग ‘वा-वा’ (पायाने दाबत स्वर उघड-मिट करणारे पेडल) आणि कंप्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, त्यानंतर कोरस किंवा फेझर (आवाजाला लाटांसारखी हालचाल देणारे पेडल), आणि शेवटी डिले व रिव्हर्ब. डिलेनंतर डिस्टॉर्शन जोडले, तर मूळ स्वर आणि त्याचे पडसाद एकत्रच फाटतात आणि सगळा चिखल होतो. जुन्या धर्तीचा फझ मात्र गिटारला थेट जोडावा, कारण त्याच्या आधी बफर आला की तो कर्कश होतो आणि गिटारच्या व्हॉल्यूमला नीट दाद देत नाही. ॲम्पच्याच डिस्टॉर्शनवर वाजवणाऱ्याने डिले आणि रिव्हर्ब ॲम्पच्या मागे असलेल्या इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडण्यासाठीच्या जॅकच्या जोडीत) जोडावेत. लूप नसेल तर डिले बेताचा ठेवावा.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस नवे पेडल एकटेच जोडून वाजवावे. आवडलेली जुळणी कागदावर नॉबची वर्तुळे काढून टिपून ठेवावी. मात्र घरात, शेजाऱ्यांना सांभाळून, बारीक आवाजात ठरवलेली जुळणी मंचावर जशीच्या तशी चालत नाही, हे आधीच समजून घ्यावे. आवाज कमी असताना कानाला खर्ज आणि अगदी वरच्या कंप्रता कमी ऐकू येतात, म्हणून आपण नकळत त्या वाढवून ठेवतो. तीच जुळणी मोठ्या आवाजात लावली, की खर्ज घुमतो, वरचा भाग कान कापतो आणि मधला भाग हरवल्याने गिटार बँडमध्ये ऐकूच येत नाही. जॅम रूमचा एक तास खास यासाठी घ्यावा, ड्रम आणि बेस वाजत असताना मिडल वाढवावा, खर्ज आणि गेन दोन्ही घरच्यापेक्षा कमी करावेत आणि ती जुळणी वेगळ्या कागदावर लिहावी. सभागृहाला स्वतःची घुमक असते, त्यामुळे तिथे रिव्हर्ब घरच्यापेक्षा निम्मा पुरतो. रिकाम्या सभागृहात केलेल्या ध्वनिचाचणीवर पूर्ण विसंबू नये, कारण माणसे बसली की घुमक कमी होते.

तीन-चार पेडल्स झाली की ती फळीवर बसवावीत. तयार पेडलबोर्ड मिळतात, पण सुताराकडून प्लायची थोडी उतरती फळी करून घेतली आणि शिवणसाहित्याच्या दुकानातून वेल्क्रोची पट्टी आणली, तरी काम भागते. खडबडीत बाजू फळीला आणि मऊ बाजू पेडलला लावावी. पेडल्समधल्या छोट्या केबल मात्र स्वस्तातल्या घेऊ नयेत. मंचावर आवाज अचानक गेला, तर दोष पेडलपेक्षा त्यांच्यात असण्याची शक्यता अधिक असते.

पावसाळ्यात, विशेषतः जून ते सप्टेंबर, न वापरल्या जाणाऱ्या पेडलमधली बॅटरी काढून ठेवावी आणि पेडल सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. नॉब खरखरू लागला, तर इलेक्ट्रॉनिक कामासाठीचा काँटॅक्ट क्लीनर नॉबखालच्या पॉटमध्ये (नॉबने फिरणाऱ्या विद्युत भागात) किंचित फवारून नॉब वीस-पंचवीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा, पेडल पूर्ण वाळू द्यावे आणि मगच वीज जोडावी.